मज्जातंतूंचे मूक सोबती

आजच्या भाषणाचा विषय थोडा अपरिचित आहे, आणि त्याचें नांवही कानाला परकें लागणारें आहे. तेव्हां प्रथम नांवाचाच उलगडा करतों. १८५६ च्या सुमारास रुडॉल्फ विर्खो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञानें मेंदूंतील मज्जापेशींच्या मधल्या जागेंत भरलेल्या द्रव्याला ‘ग्लिया’ असें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरस. सुतार दोन फळ्या सांधतांना जो सरस लावतो, तोच. विर्खोची समजूत अशी होती कीं, विचार करणें, हातापायांना आज्ञा देणें, वेदना जाणणें हीं सारीं कामें मज्जापेशींचीं, आणि हें मधलें द्रव्य केवळ त्यांना जागच्या जागीं धरून ठेवणारें. नांव एकदां पडलें कीं तें माणसाला काय आणि पेशीला काय, जन्मभर चिकटतें. पुढें सूक्ष्मदर्शक यंत्रें सुधारलीं आणि त्या द्रव्यांत स्वतंत्र पेशी आहेत, त्यांच्या निरनिराळ्या जाति आहेत, हें सिद्ध झालें. तरी ‘ग्लायल पेशी’ हेंच नांव कायम राहिलें, आणि नांवाबरोबर उपेक्षाही कायम राहिली.

मीं ज्या क्रमिक पुस्तकांवरून मुलांना शिकविलें, त्यांतील मेंदूच्या चित्रांत मज्जापेशी तेवढी काढलेली असे. फांद्या फुटलेल्या निष्पर्ण झाडासारखी ती दिसे, आणि तिच्या भोंवतीं कोरा कागद. त्या कोऱ्या कागदाच्या जागीं प्रत्यक्षांत काय असतें, तें बिघडलें म्हणजे माणसाचें काय होतें, आणि त्या बिघाडावर आज कोणता उपाय करतां येतो, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

पूर्वीं पुस्तकांतून एका मज्जापेशीमागें दहा ग्लायल पेशी असा हिशेब छापीत. तो कोणी मोजून काढला होता, हें मात्र कोणी विचारीत नसे! २००९ सालीं ब्राझीलमधील संशोधकांनीं नव्या पद्धतीनें मोजणी करून जो आंकडा प्रसिद्ध केला, तो असा कीं, मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटि मज्जापेशी आणि जवळजवळ तितक्याच इतर पेशी असतात. दहास एक हें प्रमाण खोटें ठरलें. परंतु बरोबरीचें प्रमाण हेंही कांहीं थोडें नव्हे. ज्या घरांत निम्मी माणसें सेवेला आहेत, त्या घराचा कारभार धन्याच्या एकट्याच्या जोरावर चालतो असें कोण म्हणेल?

या पेशींच्या मुख्य जाति चार धराव्यात. पहिली तारकापेशी. तिचा आकार चांदणीसारखा म्हणून हें नांव. तिच्या फांद्यांचीं टोकें एका बाजूस रक्तवाहिन्यांना बिलगलेलीं असतात आणि दुसऱ्या बाजूस मज्जापेशींच्या सांध्यांना. मेंदूंत पाणी किती असावें, क्षार किती असावेत, कामाच्या घाईंत असलेल्या पेशीला पोषण केव्हां पोंचवावें, सांध्यांत सांडलेलीं रसायनें केव्हां गोळा करावींत, ही व्यवस्था तिच्याकडे. मोठ्या एकत्र कुटुंबांत जी बाई बैठकींत कधीं बोलत नाहीं, पण कोठीची किल्ली जिच्या कमरेला असते, तिच्यासारखी ही पेशी समजावी. दुसऱ्या जातीचें नांव ऑलिगोडेंड्रोसाइट. ही मज्जापेशीच्या लांब तंतूभोवतीं स्निग्ध पदार्थाचे वेढ्यावर वेढे घालते. विजेच्या तारेला जसें रबराचें वेष्टन, तसें हें कवच. त्याला मायलिन म्हणतात. कवच असलेल्या जाड तंतूंतून संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंत धांवतो; अगदीं बारीक आणि उघड्या तंतूंत तोच वेग मीटरभरावर येतो. मेंदू व पाठीचा कणा सोडून बाहेर हातापायांकडे जे मज्जातंतु जातात, त्यांच्यावरील कवचाचें काम श्वान पेशी करतात. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञानें १८३९ च्या सुमारास त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्याचें नांव. चौथी मायक्रोग्लिया. १९१९ सालीं माद्रिद येथील पिओ देल रिओ ओर्तेगा यानें तिला इतरांपासून वेगळी ओळखली. ही मेंदूची पहारेकरीण आणि झाडूवालीही. २००५ सालीं जिवंत उंदराच्या मेंदूंत खास सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें, तेव्हां असें दिसलें कीं ती स्वस्थ कधींच नसते. आपल्या बारीक फांद्या लांबवून ती भोंवतालची जागा सारखी चांचपीत असते, आणि कोठें इजा झाली कीं तिकडे मिनिटांच्या आंत वळते.

आतां रोगाकडे वळूं. आणि उदाहरण घेण्यासाठीं पॅरिस-लंडनला जाण्याचें कारण नाहीं. या पेशींपैकीं एकीवर नेमका घाला घालणारा रोग आमच्या विदर्भाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यांतून अमरावतीस गेलेल्या माणसानें तपोवनाचें नांव ऐकलेलें असतें. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनीं १९४६ सालीं तेथें कुष्ठरोग्यांसाठीं वसाहत उभारली. त्याच्या आधीं दहा वर्षें, १९३६ सालीं, वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं काम सुरू केलें होतें. सेवाग्रामच्या आश्रमांत परचुरेशास्त्री या संस्कृत पंडितांची शुश्रूषा गांधीजी स्वतःच्या हातांनीं करीत असत. आणि १९५१ सालीं वरोऱ्याजवळच्या ओसाड माळावर बाबा आमटे यांचें आनंदवन सुरू झालें. या रोगाच्या सेवेंत विदर्भाइतका वांटा महाराष्ट्राच्या दुसऱ्या कोणत्याही भागानें उचललेला नाहीं, असें मला वाटतें.

पण सेवा करणाऱ्यांनाही त्या काळीं एक गोष्ट पुरती उमगलेली नव्हती, आणि सामान्य लोकांना ती अजूनही उमगलेली नाहीं. कुष्ठरोग हा कातडीचा रोग अशी आपली समजूत आहे, कारण डाग कातडीवर दिसतो. वास्तविक तो मज्जातंतूंचा रोग आहे, आणि मज्जातंतूंतही प्रामुख्यानें श्वान पेशींचा. बोटें झडतात तीं जंतु बोटें खातो म्हणून नव्हे. हातांतील जाणीव गेलेली असते. चुलीवरचा तवा उघड्या हातानें उचलला तरी चटका समजत नाहीं, पायांत कांटा मोडला तरी माणूस कोसभर चालत राहतो, जखम चिघळते, हाड कुजतें, आणि शेवटीं बोट आंखडून जातें. वेल्लोर येथें काम करणारे शल्यवैद्य डॉ. पॉल ब्रँड यांनीं १९४७ नंतरच्या वर्षांत ही गोष्ट रोग्यांच्या जखमांची एकेक नोंद ठेवून सिद्ध केली. कांहीं रोग्यांचीं बोटें रात्रींतून कमी होत. कारण शोधूं गेल्यावर असें दिसलें कीं निजलेल्या माणसाचीं बधिर बोटें उंदीर कुरतडीत होते, आणि त्याला जाग येत नव्हती. ब्रँड यांनीं मग रोग्यांना मांजरें पाळावयास दिलीं. वेदना ही केवढी मोठी देणगी आहे, हें ती गेल्यावांचून कळत नाहीं.

हा जंतु नॉर्वेमधील हान्सेन यानें १८७३ सालीं प्रथम पाहिला. जंतु मोठा चमत्कारिक आहे. सामान्य जंतूंना एकाचे दोन होण्यास अर्धा तास पुरतो. याला सुमारें १२ ते १४ दिवस लागतात. म्हणूनच लागण झाल्यापासून चिन्ह दिसेपर्यंत कित्येक वर्षें जातात. त्याला प्रयोगशाळेंतल्या खाद्यावर वाढवितां येत नाहीं. जिवंत पेशीच लागते. आणि त्याला थंड जागा आवडते, म्हणून शरीराच्या आंत खोल न शिरतां तो कातडीखालून जाणारे मज्जातंतु गांठतो: कोंपराच्या आंतल्या बाजूचा, गुडघ्याच्या खालीं बाहेरच्या अंगाचा, घोट्यामागचा, मानेवरून कानाकडे जाणारा. याच ठिकाणीं बोटानें चांचपून डॉक्टर तंतु जाड झाला आहे कीं नाहीं हें पाहतात.

तेथें तो श्वान पेशींतच कां शिरतो? या प्रश्नाच्या शोधांत मुंबईचाही वांटा आहे. जे. जे. रुग्णालयांतील प्लॅस्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनीं कुष्ठरोग्यांचे वांकडे हात आणि बसलेलीं नाकें शस्त्रक्रियेनें सुधारण्याचें काम पुष्कळ वर्षें केलें. हात सुधारतांना त्यांना असें वाटूं लागलें कीं आपण नासधूस झाल्यावर डागडुजी करीत आहों. नासधूस मुळांत होते कशी, तें पाहिलें पाहिजे. म्हणून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या मुंबईच्या संस्थेंत मज्जातंतूंचे तुकडे कांचेच्या बशींत जिवंत ठेवून त्यांतील श्वान पेशींना जंतूंची लागण करून पाहिली. १९८० च्या दशकांतील ही कामगिरी आहे. पुढें १९९७ पासून न्यूयॉर्क येथें अनुरा रांबुक्कना आणि त्यांचे सहकारी यांनीं कुलपाची किल्लीच शोधून काढली. श्वान पेशीच्या अंगाभोवतीं लॅमिनिन नांवाच्या प्रथिनाचें एक अस्तर असतें. जंतु त्या अस्तराला चिकटतो आणि त्याच वाटेनें आंत सरकतो. २०१३ सालीं याच गटानें उंदराच्या पेशींवर आणखी विलक्षण प्रकार पाहिला. जंतु आंत शिरल्यावर श्वान पेशी मरत नाहीं; ती आपलें शिक्षण विसरते. कवच गुंडाळण्याची विद्या टाकून ती गर्भावस्थेंतील पेशीसारखी कच्ची होते, जागा सोडून फिरूं लागते, आणि जंतूला आपल्याबरोबर इतरत्र घेऊन जाते. माणसांतही असेंच घडतें कीं काय, याचा पुरावा अजून पूर्ण झालेला नाहीं.

नासधुशींत दुसराही एक भागीदार आहे, आणि तो म्हणजे आपलेंच संरक्षक दल. २०१७ सालीं झीब्राफिश या पारदर्शक माशाच्या पिलांवर प्रयोग झाले. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडांतील ओढ्यानाल्यांतला, पण आज जगभरच्या प्रयोगशाळांतून नांदतो. त्यांत असें दिसलें कीं जंतु गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मज्जातंतूपाशीं येऊन जीं दाहक द्रव्यें सोडतात, त्यांनींच तंतूचें कवच आणि तंतु स्वतः दुखावतो. चोर पकडावयास आलेल्या शिपायांनीं घरच मोडावें, तसा हा प्रकार. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. मेंदूच्या रोगांत ती पुन्हां भेटणार आहे.

उपायाचें म्हणाल तर, १९४० च्या दशकांत डॅप्सोन आणि त्याच्या जातीचीं औषधें आलीं. कांहीं वर्षांनीं जंतु त्यांना जुमानीनासे झाले. तेव्हां १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन हीं औषधें जोडीनें देण्याची शिफारस केली. रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिने तीं घ्यावीं लागतात, सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच अवधींत रोग्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीति संपते. डिसेंबर २००५ मध्यें दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी, ही मर्यादा आपल्या देशानें गांठली. येथें एक गैरसमज झाला. लोकांना वाटलें, रोग गेला. रोग गेलेला नाहीं. जगांत दरवर्षीं जे नवे रोगी सांपडतात त्यांतील निम्म्याहून अधिक अजूनही आपल्या देशांत सांपडतात. त्यांची संख्या वर्षाला एक लाखाच्या आसपास आहे, आणि महाराष्ट्रांतील चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे त्यांत ठळक आहेत. कुष्ठरोग्यांना वेगळें कोंडण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा तर २०१६ सालीं रद्द झाला. जंतूला औषध मिळाल्यावर तब्बल पस्तीस वर्षांनीं!

जंतु मारणें आणि मज्जातंतु वांचविणें या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. औषधांचा क्रम पुरा झाला, जंतु मेले, तरी त्यांचे अवशेष तंतूंत पडून असतात, आणि त्यांच्यावर शरीर एकाएकीं चवताळून उठतें. तंतु सुजतो. त्याच्याभोवतीं घट्ट वेष्टन असल्यामुळें सूज बाहेर पसरूं शकत नाहीं, आणि आंतल्या आंत तंतु गुदमरतो. अशा वेळीं रोगी म्हणतो, औषधानें गुण आला नाहीं, आणि दवाखान्याकडे पाठ फिरवितो. खरें म्हणजे हाच धांवत जाण्याचा क्षण. प्रेड्निसोलोन हें दाह शमविणारें औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीं वेळेवर दिलें, म्हणजे बधिरपणा किंवा कमजोरी येऊन सहा महिने होण्याच्या आंत दिलें, तर गेलेली शक्ति व जाणीव पुष्कळदां परत येते. सहा महिने उलटून गेले कीं आशा झपाट्यानें कमी होते. श्वान पेशींना पुन्हां कवच घालण्याचें सामर्थ्य निसर्गतः आहे. पण आंतला तंतुच मेला तर त्या कवच घालणार कोणाला?

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना हें सांगण्याचें कारण असें कीं, आपल्या घरीं भांडीं घासणारी बाई, वॉचमन, बांधकामावरचा मजूर यांना फिकट किंवा तांबूस डाग दिसला तर त्याकडे त्यांच्या आधीं आपली नजर जाण्याचा संभव असतो. डोळे मिटावयास सांगून डागावर पेनाच्या टोंकानें हलकेंच स्पर्श करावा. कोठें स्पर्श झाला तें दाखवितां आलें नाहीं तर त्या माणसास प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा महानगरपालिकेच्या दवाखान्यांत न्यावें. कामावरून मात्र काढूं नये. बहुतेक सर्व माणसांच्या शरीरांत या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ति असते, आणि उपचार चालू असलेल्या माणसाच्या हातचा चहा घेण्यांत कसलाही धोका नाहीं.

दुसरें उदाहरण मेंदूच्या आंतलें आहे, आणि तेंही महाराष्ट्रांतलेंच. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांच्याकडे कांहीं मुलें येऊं लागलीं. या मुलांचें डोकें पहिल्या वर्षांतच प्रमाणाबाहेर मोठें होई. चालणें उशिरां येई, पुढें तें हळू हळू डळमळीत होई, पाय ताठत, मधून मधून फेंफरें येई. पण बुद्धि बराच काळ चांगली राही. मेंदूचें चित्र घेतलें म्हणजे डॉक्टर चकित होत. मेंदूंतील पांढरा भाग, म्हणजे कवच असलेल्या तंतूंचा भाग, सगळाच्या सगळा सुजलेला आणि ठिकठिकाणीं पाण्याच्या पोकळ्या. असें चित्र ज्याचें आहे तें मूल अंथरुणाला खिळलेलें असावयास पाहिजे; तें तर समोर बसून प्रश्नांचीं उत्तरें देत असे. आणखी एक गोष्ट सिंघल यांच्या ध्यानांत आली. हीं मुलें बहुतेक एकाच समाजांतील होतीं, अग्रवाल समाजांतील. १९९६ सालीं त्यांनीं व सहकाऱ्यांनीं याविषयीं निबंध प्रसिद्ध केला. हॉलंडमधील मार्यो व्हान डेर क्नाप यांनीं १९९५ सालीं असाच रोग स्वतंत्रपणें वर्णिला होता. २००१ सालीं त्याचें मूळ सांपडलें: एमएलसी-१ नांवाच्या जनुकांतील दोष.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग पुढेंच आहे. बिघाड पांढऱ्या भागांत, म्हणून सर्वांना वाटे कीं दोष कवच घालणाऱ्या पेशींत असणार. शोध घेतां असें आढळलें कीं, हें जनुक मुख्यतः तारकापेशींत काम करतें. त्यांचीं जीं टोकें रक्तवाहिन्यांना बिलगलेलीं असतात त्या ठिकाणीं. पाण्याचा व क्षारांचा तोल राखणारी कोठीवालीच चुकते, आणि पाणी भलतीकडे साठून कवचाचे वेढे सुटे होतात. मज्जापेशीचा यांत प्रथमतः कांहींच अपराध नाहीं.

आमच्या वऱ्हाडांतील पेठांतून अग्रवाल कुटुंबें पिढ्यान् पिढ्या राहत आलेलीं आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतों. यांत कोणत्याही समाजाला कमीपणा नाहीं. फार पूर्वीं एखाद्या पूर्वजांत घडलेला सूक्ष्म फरक, विवाह त्याच समाजांत होत गेल्यामुळें, अनेक घरांत पोंचला, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या देशांत जातींत लग्न करणाऱ्या प्रत्येक समाजाजवळ असें कांहीं ना कांहीं गुपित असणारच. गोत्र टाळलें तरी तें टळत नाहीं. आई व बाप दोघेही दोषवाहक असतील तरच मुलाला रोग होण्याचा संभव, आणि तोही प्रत्येक खेपेस चारांत एक. रोग बरा करणारें औषध आज नाहीं; फेंफऱ्यावर औषधें आहेत, व्यायामानें पायांचा ताठरपणा आटोक्यांत ठेवतां येतो, आणि या मुलांच्या डोक्याला थोडा मार लागला तरी प्रकृति एकदम बिघडते म्हणून त्यांना पडण्यापासून जपावें लागतें. मात्र रक्ताच्या तपासणीनें दोषवाहक ओळखतां येतात आणि गर्भावस्थेंतही निदान होऊं शकतें. पत्रिका पाहण्यासाठीं आपण जितका खर्च करतों, त्यांतला थोडा इकडे वळविण्यास हरकत नसावी.

आतां वार्धक्यांतील रोगांकडे येतों. १९०६ सालीं आलोइस आल्त्सहायमर यानें आपल्या प्रसिद्ध रोगिणीच्या मेंदूंतील बिघाडाचें वर्णन केलें. मज्जापेशींच्या भोंवतीं सांचलेले प्रथिनाचे ढीग आणि पेशींच्या आंतील गुंते या दोन गोष्टींचीं नांवें पुढें सर्वतोमुखीं झालीं. त्यानें तेथें ग्लायल पेशींतही बदल झालेला नोंदविला होता. त्याकडे मात्र पाऊण शतक फारसें कोणी पाहिलें नाहीं. पाहूं लागले तेव्हां मेंदू निकामी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रोगांत मायक्रोग्लिया खवळलेली आढळूं लागली. १९८८ सालीं कॅनडांतील मॅक्‌गीअर यांनीं कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूंत ती दाखविली. (त्याच वर्षीं मुंबईंतील पारशी वसाहतींतील १४,०१० लोकांची घरोघर पाहणी करून कंपवाताचे ४६ रोगी मिळाल्याचा डॉ. भरुचा व सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानांतील या रोगाच्या पहिल्या काळजीपूर्वक शिरगणतींपैकीं ती एक.)

पण खवळलेली मायक्रोग्लिया हें आग लावणारें माणूस कीं आग विझविणारें? हाच खरा वादाचा मुद्दा. आगीच्या ठिकाणीं बंबवाले नेहमींच सांपडतात, म्हणून त्यांनींच आग लावली असें ठरत नाहीं. २०१३ च्या सुमारास आनुवंशिक तपासणींतून एक दुवा मिळाला. मायक्रोग्लियाच्या अंगावर ट्रेम-२ नांवाचें एक ग्राहक प्रथिन असतें, ज्याच्या योगें तिला कचरा ओळखतां येतो. त्यांत जन्मतः दोष असलेल्या माणसांना आल्त्सहायमरचा विस्मृतिरोग होण्याचा संभव दुपटीहून अधिक असतो असें दिसलें. म्हणजे कारण व परिणाम यांचा क्रम या ठिकाणीं तरी स्पष्ट झाला: झाडूवालीच जन्मतः अधू, म्हणून कचरा सांचला. उलट हातपाय लुळे करणाऱ्या एएलएस या रोगावरील २००६ व २००७ सालच्या प्रयोगांत असें दिसलें कीं, मायक्रोग्लियांतील दोष काढून टाकला तर रोगाची चाल मंदावते, आणि रोगट तारकापेशींच्या शेजारीं ठेवलेल्या निरोगी मज्जापेशी मरतात. तेव्हां आरंभीं रक्षक, पुढें भक्षक, असें दुहेरी वर्तन मानावें लागतें. कुष्ठरोगांतील पांढऱ्या पेशींची गोष्ट वर सांगितली, तिचें हें भावंडच.

या दुहेरीपणामुळें उपचार अवघड झाला आहे. दाह शमविणारीं नेहमींचीं औषधें विस्मृतिरोग टाळतील अशा आशेनें वृद्धांना देऊन पाहिलीं. उपयोग झाला नाहीं. मायक्रोग्लियाला ट्रेम-२ च्या द्वारें चेतविणारें एक औषध तयार झालें. २०२४ सालीं त्याची मोठी चांचणी अयशस्वी ठरली. ज्यांना थोडें यश आलें तीं औषधें म्हणजे २०२३ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें लेकानेमॅब आणि पुढल्या वर्षींचें डोनानेमॅब. तीं प्रथिनाच्या ढिगांवर खूण करतात, आणि खुणावलेला कचरा उचलण्याचें काम मुख्यतः मायक्रोग्लियाच करते. पण यश किती? लेकानेमॅबच्या चांचणींत दीड वर्षांत ऱ्हासाचा वेग सुमारें २७ टक्क्यांनीं कमी झाला. ऱ्हास थांबला नाहीं, गेलेली स्मृति परतली नाहीं, आणि कांहीं रोग्यांच्या मेंदूंत सूज किंवा रक्तस्राव झाला. वर्तमानपत्रांतील मथळे वाचून ज्यांनीं आशा बांधली असेल, त्यांनीं हे आंकडे लक्षांत घ्यावेत. कंपवातावर लेव्होडोपा हें उत्तम औषध आहे; आपल्या रानांतील खाजकुहिलीच्या बियांत तें असल्याचें १९३७ सालीं मद्रासच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें. परंतु तें मेंदूंत उणें पडलेलें द्रव्य पुरवितें. पेशींचा ऱ्हास थांबवीत नाहीं. बियांचें चूर्ण करून मनानें खाण्याचा उद्योग कोणी करूं नये, कारण मात्रा कमी-अधिक झाल्यास भ्रम व ओकाऱ्या होतात.

त्यांतल्या त्यांत उजेड आहे तो मल्टिपल स्क्लेरोसिस या तरुण वयांत होणाऱ्या रोगांत. तेथें शरीराचें संरक्षक दल मेंदूंतील कवचावर तुटून पडतें, आणि त्या दलाला आवरणारीं प्रभावी औषधें गेल्या तीस वर्षांत मिळालीं आहेत. सुटलेलें कवच पुन्हां घालण्यास ऑलिगोडेंड्रोसाइटना उत्तेजन देणारीं औषधें अद्याप प्रयोगावस्थेंत आहेत.

राहतां राहिला प्रश्न ज्यांच्या घरीं आज असा वृद्ध माणूस आहे त्यांचा. स्मृति जाऊं लागली कीं ‘वय झालें’ म्हणून सोडून देण्याची आपली रीत आहे. तिच्याइतकी घातक रीत दुसरी नाहीं. ब जीवनसत्त्वांपैकीं बी-१२ ची उणीव, थायरॉइड ग्रंथीची मंदता, मनाची खिन्नता, झोंपेच्या गोळ्या, किंवा महिन्यापूर्वीं न्हाणीघरांत पाय घसरून डोक्याला लागल्यामुळें आंत हळू हळू सांचलेलें रक्त, यांपैकीं कशानेंही हुबेहूब तसेंच विस्मरण होतें, आणि हीं कारणें बहुधा दूर करतां येतात. आमच्याकडे शाकाहारी घरें पुष्कळ असल्यामुळें बी-१२ ची उणीव विशेष पाहावयास मिळते. तेव्हां प्रथम रक्ताची तपासणी व मेंदूचें चित्र करून घ्यावें, घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढें ठेवावी, आणि एवढ्यावरही कारण सांपडलें नाहीं तरच आल्त्सहायमरचें नांव घ्यावें.